फळांच्या साली आणि रक्तांतील साखर

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या आरोग्यमेळाव्यांत प्रमुख धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



महोत्सवाच्या या आनंदाच्या दिवशीं मीं आपल्या देवळाच्या इतिहासावर बोलावें, अशी पुष्कळांची अपेक्षा होती. परंतु तो इतिहास माझ्याहून अधिक जाणणारे वडीलधारे येथें बसले आहेत. मी आज एका अगदीं साध्या वस्तूविषयीं बोलणार आहें. फळ खाऊन आपण जी साल टाकून देतों, ती ही वस्तु. या विषयाशीं माझ्या हातून घडलेला एक प्रमाद निगडित आहे, आणि तो आपणांसमोर बोलून दाखविल्याशिवाय महोत्सवाचा घांस मला गोड लागणार नाहीं.

कांहीं वर्षांपूर्वीं माझ्या रक्तांत साखर वाढल्याचें निघालें. डॉक्टरांनीं गोळ्या दिल्या, पथ्य लावून दिलें, व रोज चालावयास सांगितलें. त्याच सुमारास एका स्नेह्यानें डाळिंबाच्या वाळविलेल्या सालीचें चूर्ण प्रेमानें आणून दिलें. राखेच्या बुधवारापासून मी तें रोज सकाळीं घेऊं लागलों. पुनरुत्थानाच्या सणानंतर रक्त तपासलें, तों साखर बरीच उतरलेली! मला इतका हर्ष झाला कीं, एका रविवारीं मिस्साबलिदान आटोपल्यावर देवळाच्या दारांत उभें राहून मीं त्या चूर्णाची तोंडभरून स्तुति केली.

ऐकणारांत एक वृद्ध माउली होती. ती अनेक वर्षें इन्सुलिनची सुई घेत असे. फादरांना गुण आला, मग आपणांस कां येऊं नये, असें म्हणून तिनें सुई बंद केली व चूर्ण सुरू केलें. थोड्याच दिवसांत एका रात्रीं तिला वांत्या होऊं लागल्या, धाप लागली, व शुद्ध हरपूं लागली. इन्सुलिन एकाएकीं थांबलें म्हणजे शरीर साखरेऐवजीं चरबी जाळूं लागतें आणि रक्तांत आम्ल सांचतें. तेंच झालें होतें. रुग्णाभिषेकाचें तेल घेऊन मी तिच्या खाटेशीं उभा राहिलों, तेव्हां माझे हात कांपत होते. परमेश्वराच्या कृपेनें व डॉक्टरांच्या तत्परतेनें ती वांचली. शुद्धीवर आल्यावर ती एवढेंच म्हणाली, "फादर, तुम्हीं सांगितलेंत म्हणून मीं दुसऱ्या कोणाला विचारलें नाहीं." तिच्या बोलण्यांत राग नव्हता, म्हणूनच तें मला अधिक लागलें. "माझें नांव घेऊं नका, पण गोष्ट सांगा," अशी तिची अनुमति घेऊनच मी हें सांगत आहें.

सेमिनरींत तर्कशास्त्र शिकवितांना आमचे गुरु वारंवार बजावीत कीं, एका गोष्टीमागून दुसरी घडली, एवढ्यावरून पहिली ही दुसरीचें कारण ठरत नाहीं. त्या परीक्षेंत मला चांगले गुण मिळाले होते. पण प्रसंग आला तेव्हां तो धडा आठवला नाहीं. त्या चाळीस दिवसांत मीं चहांतील साखर सोडली होती, रात्रीचें जेवण अर्ध्यावर आणलें होतें, रोज संध्याकाळीं चालत होतों, आणि डॉक्टरांची गोळी एक दिवसही चुकविली नव्हती. या सर्वांचें श्रेय मीं चमचाभर चूर्णास देऊन टाकलें!

मग सालींत कांहींच गुण नाहीं काय? तसेंही नाहीं. भात-भाकरींतील पिष्टाची आंतड्यांत साखर होते व ती रक्तांत जाते. हें काम अमायलेज, ग्लुकोसिडेज वगैरे पाचक द्रव्यें करितात. डाळिंबाच्या सालींत प्युनिकॅलाजिन, संत्र्याच्या सालींत हेस्पेरिडिन, आंब्याच्या सालींत मँगिफेरिन अशीं द्रव्यें असतात. अशा सालींचा अर्क कांचेच्या नळींत त्या पाचक द्रव्यांचें काम मंदावितो, असें प्रयोगशाळांतून दिसून आलें आहे. संत्र्या-मोसंब्यांच्या सालींतील पेक्टिन नांवाचा तंतु आंतड्यांत चिकट होऊन साखरेचें शोषण सावकाश करितो. मधुमेही उंदरांवरही अनुकूल अनुभव आले आहेत. परंतु कांचेची नळी म्हणजे माणसाचें आंतडें नव्हे, आणि उंदीर म्हणजे माणूस नव्हे. माणसांवर झालेले प्रयोग बहुधा लहान व थोड्या दिवसांचे असून त्यांचे निष्कर्ष एकमेकांशीं जुळत नाहींत. कोणत्या सालीचा अर्क, किती व किती दिवस घ्यावा, याचें प्रमाण अद्याप ठरलेलें नाहीं.

सालीपासून औषध होतें, हें ख्रिस्तमंडळास नवें नाहीं. सतराव्या शतकांत पेरू देशांतील सिंकोना वृक्षाची साल येशूसंघीयांनीं युरोपांत नेली; हिंवतापावरील त्या चूर्णास लोक 'येशूसंघीयांची साल' म्हणत. तिच्यांतून शुद्ध क्विनीन वेगळें निघालें तें सन १८२० मध्यें. पुढें सन १८३५ मध्यें सफरचंदाच्या झाडाच्या सालींतून फ्लोरिझिन नांवाचें कडू द्रव्य काढण्यांत आलें. चव सिंकोनासारखी, म्हणून तें तापावर चालेल असें प्रथम वाटलें. सन १८८६ मध्यें फॉन मेरिंग या जर्मन वैद्यानें तें कुत्र्यांस दिलें, तों त्यांच्या लघवीवाटे साखर बाहेर पडूं लागली! तरीही तें द्रव्य जसेंच्या तसें औषध होऊं शकलें नाहीं, कारण तें पोटांतून नीट शोषलें जात नाहीं व आंतड्यांतच फुटून जातें. त्याच्या घडणीचा अभ्यास करून शास्त्रज्ञांनीं नवीं द्रव्यें बनविलीं. त्यांपैकीं डापाग्लिफ्लोझिन युरोपांत सन २०१२ मध्यें मान्य झालें. आज आपल्यांतील कित्येकांच्या औषधाच्या चिठ्ठीवर तें नांव असेल. सालीपासून गोळीपर्यंतची ही वाट १७७ वर्षांची आहे, आणि मी ती चाळीस दिवसांत चालून आलों असें समजलों होतों.

तेव्हां बंधुभगिनींनो, माझी विनंती ऐका. डॉक्टरांस विचारल्याशिवाय सुई किंवा गोळी एक दिवसही थांबवूं नका. काढा किंवा चूर्ण घेत असाल, तर तें डॉक्टरांपासून लपवूं नका. कारण औषधांच्या जोडीला तें घेऊन साखर फाजील उतरण्याचाही संभव असतो. साखर ७० च्या खालीं गेली म्हणजे घाम सुटतो, हातपाय थरथरतात. अशा वेळीं तत्काळ साखरपाणी घ्यावें. उपवासाच्या दिवसांत तर फारच सावध राहावें. पेरू, सफरचंद अवश्य सालीसकट खा, पण स्वच्छ धुऊन, कारण फवारलेलें विष सालीवरच राहतें. फळाचा रस काढून तंतु फेंकून देण्यापेक्षां अख्खें फळ बेतानें खाणें बरें. आणि उपाशीपोटीं साखर १२६ किंवा त्याहून अधिक निघाली, तर शेजाऱ्याचा सल्ला न घेतां दवाखाना गांठा. तो शेजारी फादर असला तरीही!

या महोत्सवाची आठवण म्हणून दर महिन्याच्या पहिल्या रविवारीं देवळाच्या पडवींत साखर तपासण्याची सोय आपण करीत आहोंत. पहिल्या रविवारीं पहिलें बोट मी पुढें करणार आहें. जो आंकडा निघेल तो मी सर्वांस सांगेन, आणि त्याचें श्रेय कोणास द्यावें हें मात्र डॉक्टरांस विचारीन.

परमेश्वर आपणां सर्वांस आरोग्य व सुबुद्धि देवो.