वाढत्या वयाची भूक

(महोत्सवाच्या सभेंत झालेलें भाषण)



महोत्सवाच्या मेजवानीनंतर उपासमारीचें बोलणें कोणासही रुचणार नाहीं, हें आम्ही जाणून आहों. तथापि जुन्नर व आंबेगांव या तालुक्यांविषयीं चार शब्द बोलल्यावांचून राहवत नाहीं.

नारायणगांवच्या बाजारांत टोमॅटोच्या गाड्यांची रीघ लागते. तेथून पश्चिमेस नाणेघाटाकडे, अथवा डिंभें धरणाच्या पलीकडे भीमाशंकराच्या वाटेस जावें, तों चित्र पालटतें. महादेव कोळी व ठाकर बांधवांचें पीक पावसावरचें भात, वरई, नाचणी. हातीं पैसा येतो तो हिरडा विकून, नाहीं तर बागाईत गांवीं मजुरी करून. पाऊस सरला कीं भाजी दुर्मिळ, डाळ विकतची. कित्येक मुलींच्या ताटांत दोन्ही वेळां भात आणि पातळ कालवण, एवढेंच.

शहरांतील मुलें धष्टपुष्ट आहेत असेंही समजूं नये. सकाळीं चहा-बिस्किटें, दुपारीं वडापाव, सायंकाळीं पाकिटांतले तळलेले पदार्थ. पोट भरतें, अंगीं कांहीं लागत नाहीं.

2019 ते 2021 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत देशांतील 15 ते 19 वर्षांच्या मुलींपैकीं शेंकडा 59 व मुलांपैकीं शेंकडा 31 जणांस रक्तक्षय आढळला. 2015-16 सालीं मुलींचा आंकडा 54 होता. म्हणजे तो उतरण्याऐवजीं चढला!

1975 सालीं सुरू झालेल्या बालविकास योजनेमुळें अंगणवाडींत सहा वर्षांपर्यंतच्या मुलांना आहार मिळतो. शाळेंतील माध्यान्ह भोजन आठवीपर्यंत. नववींत पाऊल टाकतांच खिचडी थांबते, आणि भूक तर त्याच वयांत वाढते. आश्रमशाळेंत राहणाऱ्यांस जेवण असतें. घरून पायीं येणाऱ्यांस कोण विचारतो? लोहाची निळी गोळी आठवड्यास एक मिळते खरी. पण रिकाम्या पोटीं मळमळतें, म्हणून बाईंची पाठ फिरतांच ती खिडकीबाहेर जाते. हें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें आहे.

आम्हीही निर्दोष नाहीं. त्या भागांत वह्या वाटतांना एक चुणचुणीत मुलगी नेहमीं पेंगतांना दिसे. आम्हीं तिला आळशी ठरविलें, चार शब्द सुनावलेही. पुढें तपासणींत तिचें रक्त फारच कमी निघालें. तिची आई म्हणाली, "आधीं पुरुषमाणसं, मग धाकटीं पोरं, उरेल तें आम्ही मायलेकी खातों." वह्या देणाऱ्या आम्हांस, "बाळ, सकाळीं काय खाल्लेंस?" हा प्रश्न एकदांही सुचला नव्हता.

उपाय महागडे नाहींत. भाकरी नाचणीची करावी. तिच्यांत तांदळाच्या कित्येक पट चुना असतो. मोड आलेलें कडधान्य द्यावें, वर लिंबू पिळावें, म्हणजे लोह अंगीं लागतें. जेवणावर लगेच चहा मात्र नको. आणि मुलीचें ताट भावाबरोबरच वाढावें. हें शेवटचें सर्वांत कठीण आहे.

महोत्सवाच्या निधींतून कांहीं रक्कम उरली आहे. तींतून नववी-दहावीच्या मुलांना शाळेपूर्वीं उसळ देतां येईल, असा आमचा प्रस्ताव आहे. भांडीं सभागृहांत आहेतच. शनिवारीं रात्रीं मटकी भिजत घालण्यास आणि सोमवारीं पहाटे चूल पेटविण्यास कोण येणार, तेवढीं नांवें आज घरीं जाण्यापूर्वीं लिहून द्यावीं.