घरगुती एस्प्रेसो यंत्राची खरेदी



एस्प्रेसो कॉफीचे यंत्र घरी आणावे असा मनोदय ज्यांच्या घरात अलीकडे मूळ धरू लागला आहे, परंतु ज्यांची प्राप्ती बेताची असून हौसेच्या बाबीवर खर्च मंजूर करण्यापूर्वी ज्यांना चार ठिकाणी खातरजमा करून घ्यावी लागते, अशा कुटुंबांसाठी मी आज बोलणार आहे.

मिलान शहरातील लुईजी बेत्सेरा याने 1901 साली ज्या यंत्राचे पेटंट घेतले, त्यात वाफेच्याच जोराने पाणी कॉफीच्या भुकटीतून लोटले जाई. आणि वाफेचा दाब वाढवावयाचा तर पाणी अधिकाधिक तापविणे प्राप्त असल्यामुळे पेयाला करपट कडवटपणा येई. त्याच शहरातील आकिल्ले गाज्जा याने दुसऱ्या महायुद्धानंतर स्प्रिंग आणि दट्ट्या यांच्या योगाने दाब आणि उष्णता यांची फारकत केली, तेव्हा पेल्यावर तो दाट तांबूस फेस प्रथम दिसू लागला. आणि 1961 साली फाएमा कंपनीच्या यंत्रात दट्ट्याची जागा विजेच्या पंपाने घेतली. हा इतिहास सांगण्याचे प्रयोजन इतकेच की, आज सर्वांत स्वस्त म्हणून जी यंत्रे विकली जातात त्यांपैकी पुष्कळशी तत्त्वतः बेत्सेराच्याच काळातील आहेत. दुकानदारास पहिला प्रश्न विचारावा तो हा, की यात पंप आहे की केवळ वाफ? केवळ वाफ असेल, तर एस्प्रेसोच्या नावाखाली ते यंत्र घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पंपाच्या यंत्रांवर 15 किंवा 20 बार असे आकडे ठळक अक्षरांत छापलेले असतात. त्यांनी दिपून जाण्याचे कारण नाही. कॉफीला 9 बारच्या आसपासचा दाब पुरतो, आणि तोही एकटा पंप निर्माण करीत नाही. पाण्याला अडविणारा जो अवरोध, तो भुकटीच निर्माण करते. साधारण 18 ग्रॅम भुकटीतून 25 ते 30 सेकंदांत 36 ग्रॅमच्या आसपास अर्क उतरावा, असा शिरस्ता आहे. भुकटी जाड असेल तर पाणी सरसर वाहून जाऊन पेय पाणचट व आंबट होते, फार बारीक असेल तर थेंब थेंब गळून कडू होते. घरातील मिक्सरचे पाते दाणे तोडते, समान दळत नाही, त्यामुळे धूळ आणि कण्या एकाच पेल्यात येऊन दोन्ही दोष एकत्र नांदतात. म्हणून माझी आग्रहाची शिफारस अशी की, खर्चाची जी काही तरतूद असेल तिचा निम्मा भाग तरी दळण्याच्या यंत्रासाठी राखून ठेवावा. पोलादी चकत्यांचे, बारकाईने जुळविता येणारे हातयंत्र विजेच्या यंत्राहून बरेच किफायतशीर पडते. दळण्याची सोय अजिबात नसेल, तर दुहेरी तळाच्या, एकाच सूक्ष्म छिद्राच्या चाळणीवर तूर्त भागवावे. ती कृत्रिम अवरोध देऊन तयार भुकटीवरही फेस आणते, परंतु तो फेस चवीचा दाखला नव्हे. मात्र यंत्र असे निवडावे की, पुढेमागे त्यात साधी, एकेरी तळाची चाळणी बसविता येईल.

ज्यांना काळी कॉफीच प्रिय आहे, त्यांनी हाताने दट्ट्या दाबावयाच्या यंत्रांचाही अवश्य विचार करावा. त्यांत ना पंप, ना विजेची तार, त्यामुळे बिघडण्यासारखे फारसे काही नाही. दुधाच्या कॉफीचे चार पेले सकाळी एकदम लागणाऱ्या घराची गोष्ट निराळी. लहान यंत्रात एकच बॉयलर असल्याने कॉफीनंतर वाफेसाठी आणि वाफेनंतर पुन्हा कॉफीसाठी थांबावे लागते, आणि अशा घराला दाक्षिणात्य पद्धतीचा पितळी कॉफी-फिल्टरच अधिक समाधान देईल. दाण्यांची चिंता नसावी. चिकमगळूर आणि कुर्ग येथील कॉफी इटली कैक वर्षे मोठ्या प्रमाणावर विकत घेत आली आहे. दाणे चिकोरीविरहित आणि ताजे भाजलेले असावेत, म्हणजे झाले.

राहता राहिले पाणी. कूपनलिकेचे जड पाणी यंत्रात घालू नये, क्षारांचा थर बॉयलरमध्ये बसून तो निकामी होतो. गाळलेले मृदू पाणी वापरावे, आणि यंत्रासोबतच्या पुस्तिकेत सांगितलेल्या मुदतीने सायट्रिक आम्लाच्या सौम्य द्रावणाने, पुस्तिकेची तशी अनुज्ञा असल्यास, क्षार काढून टाकावेत.