पर्जन्यमापकांचे जाळे आणि त्याची व्याप्ती
(भाषणाचा मजकूर)



राजेश्वर हे बिदर जिल्ह्याच्या बसवकल्याण तालुक्यातील गाव. या पठारावर वळिवाची सर एका शिवाराला झोडपून जाते, तर शेजारच्या शिवारात धूळही बसत नाही. अशा वेळी पावसाचा आकडा नेमका कोणत्या शिवाराचा, हा प्रश्न केवळ नोंदवहीपुरता राहत नाही. हवामानाधारित पीकविम्यात भरपाई नेमून दिलेल्या केंद्राच्या नोंदीवर ठरते. केंद्रावर पाऊस आणि शेत कोरडे, असे झाल्यास नुकसान होऊनही शेतकऱ्याच्या हाती काही पडत नाही.

कर्नाटकात १९८८ साली दुष्काळाच्या निरीक्षणासाठी सुरू झालेली संस्था पुढे राज्य नैसर्गिक आपत्ती निरीक्षण केंद्र झाली. तिने ग्रामपंचायतनिहाय सुमारे साडेसहा हजार पर्जन्यमापक उभारले. सौर ऊर्जेवर चालणारी ही यंत्रे दर पंधरा मिनिटांची नोंद बिनतारी संदेशाने पाठवावीत, अशी योजना आहे. राज्याचे क्षेत्रफळ १,९१,७९१ चौरस किलोमीटर असल्याने सरासरी ३० चौरस किलोमीटरमागे एक यंत्र येते. अशा पठारी प्रदेशासाठी भारतीय मानकाने २६० ते ३९० चौरस किलोमीटरमागे एक यंत्र सुचविले होते, हे पाहता ही प्रगती मोठीच होय.

परंतु सरासरी म्हणजे व्याप्ती नव्हे. व्याप्ती मोजण्याची रीत सोपी आहे. प्रत्येक यंत्राची नोंद जेथवर विश्वसनीय धरता येईल, तेवढ्या त्रिज्येचे वर्तुळ नकाशावर काढावे. मग नकाशावर बारीक चौकटी आखून किती छेदबिंदू वर्तुळांच्या आत येतात ते मोजावे. आतील बिंदूंचे एकूण बिंदूंशी असलेले प्रमाण हीच व्याप्ती. कमीत कमी वर्तुळांनी क्षेत्र झाकावयाचे तर यंत्रे समभुज त्रिकोणांच्या शिरोबिंदूंवर हवीत, हे रिचर्ड कर्शनर यांच्या १९३९ सालच्या सिद्धतेवरून निघते. तशी आदर्श मांडणी धरली तरी ३० चौरस किलोमीटरमागे एक यंत्र असता सर्वांत दूरचे शेत ३.४ किलोमीटरवर राहते.

त्रिज्या मात्र पावसाच्या जातीप्रमाणे बदलते. श्रावणातील झड दूरवर सारखी पडते, वळीव थोडक्या अंतरात संपतो. म्हणून झडीला पुरेसे ठरणारे जाळे वळिवाला विरळ पडते. शेजारच्या यंत्रांच्या नोंदी ताडून प्रत्येक ऋतूची त्रिज्या वेगळी ठरविणे अगत्याचे आहे.

शिवाय, पाचोळ्याने तुंबलेले किंवा संदेश न पोचविणारे यंत्र नकाशावर असते, व्याप्तीत नसते. यास्तव एका बिंदूवर दोन वर्तुळे येतात किंवा कसे, हेही मोजावे. म्हणजे एक यंत्र बंद पडले तरी शिवार उघडे पडत नाही. ‘नोंद नाही’ आणि ‘पाऊस नाही’ या दोन भिन्न गोष्टी होत. मृग नक्षत्रापूर्वी चालू यंत्रांचीच व्याप्ती काढून ती गावोगाव फलकावर लावल्यास आकड्यावरील विश्वास दृढ होईल.