कातडीला काय बाधतें?

अंगावर चट्टा उठला, कंड सुटली, कीं आपल्या घरांत पहिला आरोप येतो तो वांग्यावर. वांगें निर्दोष ठरलें तर डाळीवर, आणि डाळहि सुटली तर 'उष्णता' नांवाच्या त्या अदृश्य आरोपीवर. रोगी महिनाभर पथ्य पाळतो आणि चट्टा तसाच राहतो. कारण पुष्कळदां अपराधी ताटांत नसतोच. तो चपलेच्या पट्ट्यांत, मलमाच्या नळींत किंवा बांगडीला अडकविलेल्या सेफ्टीपिनेंत बसलेला असतो. त्याला हुडकावें कसें, याविषयीं आज बोलावयाचें आहे.

प्रथम एक भेद सांगितला पाहिजे. धुण्याच्या सोड्यानें हात पोळतात ते कोणाचेहि पोळतील. तो नुसता दाह. ॲलर्जी ही माणसागणिक निराळी. शरीर एखाद्या द्रव्याशीं एकदां वैर धरतें आणि मग तें सहसा विसरत नाहीं. हें वैर पहिल्या भेटींतच जडतें असें नव्हे. दहा वर्षें सुखानें वापरलेली वस्तु अकराव्या वर्षीं बाधूं लागते. म्हणून "मी तर हें कधींपासून वापरतें" हा युक्तिवाद टिकत नाहीं. शिवाय द्रव्य लागल्यापासून चट्टा उठेपर्यंत बहुधा एक ते तीन दिवस जातात. सोमवारच्या कलपाचा परिणाम बुधवारीं दिसतो, आणि माणूस मंगळवारीं काय खाल्लें तें आठवीत बसतो!

तपासाची पहिली खूण म्हणजे जागा. कानाच्या पाळ्या, मनगटावर घड्याळाच्या बकलाखालचा भाग, बेंबीजवळ विजारीच्या बटणाखालचा भाग, अशा ठिकाणीं कंड असली तर निकेल या धातूचा संशय घ्यावा. पावलावर इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखा पट्टा उमटला, तर रबरी सपाता पाहाव्या. रबर टिकाऊ करण्यासाठीं घातलेलीं रसायनें तेथें बाधतात. स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या डाव्या हाताचा अंगठा, तर्जनी आणि मधलें बोट यांचीं टोकेंच तेवढीं तडकलीं आणि उजवा हात स्वच्छ राहिला, तर लसूण! लसूण डाव्या हातांत धरतात व सुरी उजव्या हातांत. डावखुऱ्या बाईचें याच्या उलट. पुण्याकडे १९५० नंतर माजलेलें गाजरगवत तर हात न लावतांहि, वाऱ्यावरून, चेहऱ्याला आणि मानेला बाधतें. पण जागाहि कधीं कधीं फसविते. नखांना लावलेला रंग बोटांना कांहीं करीत नाहीं. ज्या पापण्यांना नि मानेला तीं नखें लागतात, तेथें चट्टा उठतो.

कपाळावरच्या टिकलीविषयीं मात्र थोडें अधिक बोललें पाहिजे. कांहीं टिकल्यांच्या डिंकांत पॅरा-टर्शरी-ब्यूटिलफिनॉल नांवाचें द्रव्य असतें. त्यानें केवळ कंड सुटते असें नाहीं. त्या जागेचा रंगच उडून टिकलीच्या आकाराचा पांढरा डाग पडूं शकतो. मुलीच्या कपाळावरील पांढऱ्या डागाला आपले लोक काय नांव देतात आणि तिचें लग्न ठरतांना त्याची केवढी कुजबूज होते, हें मीं निराळें सांगावयास नको. तो डाग संसर्गानें पसरत नाहीं, कुळाचा नसतो, कोणाच्या पापाचाहि नसतो. टिकली तत्काळ थांबवावी. कांहीं जणींचा रंग परत येतो. सर्वांचा येतोच असें नाहीं, म्हणून पहिल्या कंडेलाच सावध व्हावें.

'नैसर्गिक आहे, मग काय भीति?' असें विचारणाऱ्यांना बिब्बा आठवावा. परीट त्याच्या रसानें कपड्यांवर खूण करीत. दुसऱ्या महायुद्धांत इकडे आलेल्या गोऱ्या सैनिकांना नेमक्या त्या खुणेखालीं फोड उठत; १९४३ सालीं डॉक्टरांनीं त्याचें वर्णन छापलें आहे. बिब्बा, काजू आणि आंबा हीं एकाच कुळांतलीं झाडें. काजूच्या टरफलाचें तेल किंवा आंब्याच्या देठाचा चीक ज्यांना बाधतो, त्यांनीं आंबा सोडण्याचें मात्र कारण नाहीं. दुसऱ्यानें धुवून, सोलून दिलेल्या फोडी बहुतेकांना सोसतात. मेंदीचेंहि तसेंच. खरी मेंदी तांबूस रंगते. जी काळी रंगते तींत बहुधा केसांच्या कलपांतील पॅराफेनिलिनडायमिन मिसळलेलें असतें, आणि त्याचे फोड भयंकर.

डब्यांवरील घटकांची यादी वाचावी. शाळेंत असतांना तसल्या बारीक अक्षराला मीं गुण दिले नसते, पण भिंग घेऊन वाचावी. त्यांत 'सुगंध' या एकाच शब्दामागें अनेक द्रव्यें दडलेलीं असतात. पदार्थ नासूं नये म्हणून घातलेलें मेथिलआयसोथायाझोलिनोन हेंहि पुष्कळांना बाधतें. अंगावर राहणाऱ्या क्रीमांत तें घालण्यास युरोपांत २०१७ पासून मनाई आहे.

घरीं एक साधा प्रयोग करतां येतो. संशयित क्रीम कोपराच्या खळग्यांत रुपयाएवढ्या जागीं दिवसांतून दोनदां, आठवडाभर लावावें, आणि कंड सुटतांच थांबवावें. साबण, कलप, फिनेल यांवर हा प्रयोग मुळींच करूं नये; तीं धुवून टाकावयाचीं द्रव्यें आहेत आणि तशींच कातडी पोळतील. पक्की परीक्षा त्वचारोगतज्ज्ञाकडेच होते. १८९५ सालीं यादासोन या डॉक्टरानें तिचा पाया घातला. संशयित द्रव्यांचे छोटे तुकडे पाठीवर चिकटवितात, दोन दिवसांनीं काढतात, आणि त्यानंतर एक-दोन दिवसांनीं पाठ पुन्हां तपासतात. तोंवर पाठ भिजवूं नये. रक्ताच्या तपासणीनें हें काम होत नाहीं.

डॉक्टरांकडे जातांना वापरांतल्या सर्व वस्तु एका पिशवींत घालून न्याव्या: तेल, पावडर, टिकल्यांचें पाकीट, सपाता, आणि कंडेसाठीं लावलेलें मलमहि. कारण कित्येक मलमांत निओमायसिन असतें, आणि चट्टा बरा न होण्याचें कारण कधीं कधीं त्या नळींतच सांपडतें.