रेवस–करंजा पूल आणि खारेपाटातील जमीनवापर

धरमतर खाडीच्या मुखाशी उरण तालुक्यातील करंजा आणि अलिबाग तालुक्यातील रेवस ही बंदरे समोरासमोर असून, लाँचने थोडक्या वेळात पार होणारे हे अंतर रस्त्याने कापायचे तर वडखळचा मोठा वळसा पडतो. बॅ. अ. र. अंतुले यांच्या काळापासून चर्चेत असलेला आणि पुढे रेवस–रेड्डी सागरी महामार्गाचा भाग ठरलेला नियोजित पूल हा वळसा वाचवील, यात शंका नाही. तथापि पुलाच्या दक्षिणेकडील जमिनीचा वापर शेती, वस्ती, पडीक अशा नकाशातील रकान्यांत नीट मावत नाही.

खारेपाट म्हणजे भरतीचे पाणी बांधाने अडवून लागवडीखाली आणलेला खाडीकाठचा सखल पट्टा होय. खाडीकडील मुख्य बांधाला बाहेरकाठा म्हणतात आणि भरतीला मिटणारी, ओहोटीला पावसाचे पाणी बाहेर सोडणारी झडपेची वाट म्हणजे उघाडी. पावसाने क्षार धुतले गेल्यावर येथे भात पिकते, तर घराजवळच्या तळ्यांत जिताडा वाढवला जातो. मात्र बाहेरकाठ्याला खांड पडली की एकाचे नव्हे, तर बांधाआडच्या सर्वांचेच शेत खारे होते आणि दुरुस्ती लांबली तर त्यात खारफुटी उगवून, सातबाऱ्यावर शेतजमीन असलेला तुकडा प्रत्यक्षात कांदळवन बनतो. म्हणून येथे जमीनवापराचे खरे एकक सर्व्हे नंबर नसून एका बांधाने राखलेली संपूर्ण खार आहे. याच खारेपाटातील चरी येथे १९३३ पासून सुमारे सहा वर्षे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी खोतांविरुद्ध संप केला. तेव्हा जमिनीवरील हक्काचा प्रश्न येथे किती जिव्हाळ्याचा आहे, हे वेगळे सांगावयास नको.

पुलामुळे मुंबई जवळ आली की गुंठ्याचा भाव पिकाशी नव्हे, तर प्रवासाच्या वेळेशी जुळू लागतो. मग भर पडते ती एखाद्या तुकड्यावर, परंतु पाण्याची वाट अडते ती शेजारच्या दहा शेतांची. शिवाय जमीन विकलेल्या मालकाला बाहेरकाठ्याच्या श्रमदानात रस उरत नाही. पलीकडच्या उरणमध्ये भातशेती आणि मिठागरांच्या जागी बंदर व कंटेनर यार्ड आले आणि मोबदल्यासाठीच्या जानेवारी १९८४ मधील आंदोलनात पाच जणांना प्राण गमवावे लागले. त्या जमिनी सरकारी संपादनाने गेल्या, तर अलिबागच्या बाजूला त्या खाजगी खरेदीखतांनी, एकेक करून जाऊ शकतात, आणि असा बदल कोणत्याही एका अधिसूचनेत दिसत नाही.

कोळ्यांची मासळी सुकवण्याची मैदाने, होड्या ओढण्याचे उतार आणि जाळी विणण्याच्या जागा अनेकदा कोणाच्याच नावावर नसतात. पुलाचे जोडरस्ते आखण्यापूर्वीची पाहणी म्हणूनच खारनिहाय व्हावी, उघाड्यांची स्थिती पावसाळ्यातील भरतीच्या वेळी तपासली जावी आणि या सामायिक जागांची नोंद कोळीवाड्यांच्या सांगण्यावरून घेतली जावी.