कागदांचा राखणदार : वसंत मून यांची लोकसेवा

(मानखुर्द येथील धम्मबंधू व भगिनी यांच्यापुढे झालेले भाषण)



आज मी आपणांपुढे एका सरकारी अधिकाऱ्याविषयी बोलणार आहे. हे ऐकून कित्येकांस नवल वाटेल. आपल्या सभांतून आपण भगवान बुद्धांच्या धम्माविषयी ऐकतो, बाबासाहेबांच्या चरित्राविषयी ऐकतो, महाडच्या तळ्यावर आणि नाशिकच्या काळाराम मंदिरापुढे लाठ्या झेलणाऱ्या सैनिकांविषयी ऐकतो. कचेरीत बसून फायली चाळणाऱ्या मनुष्याच्या आयुष्यात सभेत सांगण्याजोगे ते काय असणार? माझे उत्तर असे की, लढाई जशी मैदानात होते, तशीच ती दप्तरखान्यातही होते. आणि दप्तरखान्यात हरलेला समाज मैदानातील आपला विजयसुद्धा पुढे सिद्ध करू शकत नाही.

ही गोष्ट मानखुर्दच्या रहिवाशांस समजावून सांगण्याची खरे म्हणजे गरज नाही. येथील लल्लूभाई कंपाउंडच्या इमारतींत राहणाऱ्या कित्येक कुटुंबांची झोपडी एके काळी रेल्वेच्या रुळांलगत किंवा रस्त्याच्या कडेला होती. घर कोणाला मिळावयाचे, हे त्या वेळी कशावर ठरले? मनुष्याच्या गरजेवर नव्हे, तर त्याच्याजवळच्या पुराव्यावर! अमुक तारखेपूर्वी आपण येथे राहत होतो, हे दाखविणारे रेशनकार्ड, मतदारयादीतील नाव, विजेचे बिल ज्याने जपून ठेवले तो पात्र ठरला. ज्याचे कागद पावसात भिजले किंवा आगीत जळले तो दारोदार फिरत राहिला. मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर एक शब्द चुकीचा पडला तर पुढे जातीच्या दाखल्यासाठी किती खेटे घालावे लागतात, हेही आपण जाणता. एका कुटुंबाची जी गत, तीच समाजाची गत. समाजाचाही दाखला असतो. तो गहाळ झाला, तर त्याने काय विचार केला व काय भोगले, हे दुसरेच लोक आपल्या सोयीने सांगू लागतात.

आपल्या समाजाचा असा दाखला राखणाऱ्या पुरुषाचे नाव वसंत मून.

मून यांचा जन्म १९३२ साली नागपूरच्या महारपुऱ्यात झाला. ज्या नागपुरात १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली आणि लाखोंना दिली, त्याच नागपुरातील ही वस्ती. घरची परिस्थिती अत्यंत हलाखीची. आईच्या कष्टांवर लहानपण निघाले. परंतु त्या वस्तीत दारिद्र्याबरोबर दुसरेही काही होते. समता सैनिक दल होते, आखाडे होते, शिकण्याची ईर्षा होती आणि आपला पुढारी आपणांस माणूस बनविणार आहे असा विश्वास होता. पुढे १९९५ साली मून यांनी 'वस्ती' या आत्मचरित्रात हे सर्व लिहून ठेवले, आणि गेल ऑम्व्हेट यांनी ते इंग्रजीत नेल्यामुळे महारपुऱ्याची हकीकत परदेशातील वाचकांपर्यंत पोहोचली.

शिक्षण पुरे करून मून महाराष्ट्राच्या महसूल खात्यात शिरले आणि उपजिल्हाधिकारी पदापर्यंत चढले. आपल्या वाडवडिलांनी ज्या खात्याच्या दारात हात जोडून उभे राहावे, त्या खात्यात आपलाच मुलगा अधिकारी होतो, हा बदल लहान नव्हे. पण अधिकारी पुष्कळ होतात. बंगला, गाडी आणि निवृत्तिवेतन यांत समाधान मानणारेही पुष्कळ असतात. १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याच्या सभेत बाबासाहेबांनी जी व्यथा बोलून दाखविली ती याच सुशिक्षितांविषयी होती. शिकलेली माणसे आपापल्या पोटापुरती पाहतात आणि मागे राहिलेल्यांस विसरतात, असे त्यांचे दुःख होते. मून यांच्या आयुष्याचे मोल कळावयाचे असेल, तर ते या दुःखाशेजारी ठेवून पाहिले पाहिजे.

६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे परिनिर्वाण झाले. दिल्लीच्या २६, अलीपूर रोड येथील त्यांच्या निवासस्थानी लेखनाचा मोठा साठा होता. काही ग्रंथ पूर्ण होते, काही अर्धवट, काहींची नुसती टाचणे होती. वारसाहक्काचा प्रश्न न्यायालयात गेला. १९६७ साली ते घर रिकामे करविण्यात आले, तेव्हा कित्येक कागद उघड्यावर पडले व पावसाने खराब झाले, असे बाबासाहेबांचे चिटणीस नानकचंद रत्तू यांनी लिहून ठेवले आहे. उरलेले कागद न्यायालयाच्या वतीने पेट्यांत बंद होऊन पडले. विचार करा! ज्या पुरुषाने या देशाच्या राज्यघटनेच्या मसुद्याला आकार दिला, त्याचेच हस्तलिखित वीस वर्षे कुलुपात होते, आणि ज्यांच्यासाठी ते लिहिले गेले त्यांना त्यात काय आहे याची गंधवार्ताही नव्हती.

समाजातून मागणी झाली, तेव्हा १९७६ साली महाराष्ट्र शासनाने बाबासाहेबांच्या चरित्राची साधने प्रसिद्ध करण्यासाठी समिती नेमली. मून शिक्षण खात्यात या कामाचे विशेष कार्य अधिकारी झाले. एखाद्या उपजिल्हाधिकाऱ्यास हे पद आडबाजूचे वाटले असते, कारण तेथे ना जिल्ह्याचा रुबाब, ना लोकांची वर्दळ. पण महसूल खात्यात मुरलेल्या मनुष्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते : सातबाऱ्यावर नोंद नसेल, तर पिढ्यान् पिढ्या कसलेली जमीनही आपली म्हणून सांगता येत नाही. विचारांच्या जमिनीलाही हाच नियम लागू आहे. वारसांची संमती, न्यायालयाच्या वतीने कागद सांभाळणाऱ्यांची परवानगी, मंत्रालयातील मंजुऱ्या, मुद्रणालयातील मुद्रिते, असा हा दीर्घ व कंटाळवाणा मार्ग होता. यात टाळ्या नाहीत, हार नाहीत. पण याच मार्गाने पेट्यांची कुलुपे निघाली.

१४ एप्रिल १९७९ रोजी इंग्रजी लेखन व भाषणांचा पहिला खंड प्रसिद्ध झाला. त्यात 'जातिसंस्थेचे उच्चाटन' हा निबंध आहे, तसेच भाषावार प्रांतांवरील विचारही आहेत. १९८२ सालच्या दुसऱ्या खंडात मुंबई कायदेमंडळातील भाषणे आली. वतनदारीच्या कायद्यात दुरुस्ती करण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली मांडलेल्या विधेयकाची चर्चा त्यात आपणांस सापडेल. ज्यांच्या आजोबांनी गावकीची कामे करीत दिवसरात्र पायपीट केली, त्यांनी ती अवश्य वाचावी. त्याच वर्षी गिरणीतील स्त्रियांना बाळंतपणात पगारी रजा मिळावी म्हणून त्यांनी केलेले भाषणही तेथेच आहे, आणि ते प्रत्येक मातेने ऐकावे. १९८७च्या तिसऱ्या खंडापासून आजवर कोणी न पाहिलेले लेखन बाहेर येऊ लागले. १९९२च्या अकराव्या खंडात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' आला. १९९३च्या बाराव्या खंडात, लहानपणी स्टेशनावर आणि पुढे बडोद्यात आपणांस कसे वागविले गेले याच्या आठवणी स्वतः बाबासाहेबांच्या लेखणीतून आल्या. १९९८ साली सोळाव्या खंडात पाली व्याकरण व शब्दकोश आले. नवा धर्म स्वीकारलेल्या आपल्या लोकांसाठी त्या महापुरुषाने पाली भाषेचा शब्दन् शब्द गोळा करावा, यातच त्याची माया दिसते. याखेरीज 'मूकनायक' व 'बहिष्कृत भारत' यांचे अंक एकत्र करून १९९० साली शासनाने प्रसिद्ध केले, तेही मून यांच्याच संपादनाखाली.

या मार्गात एकच अडचण सांगतो, कारण तिच्यातून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. १९८७ साली चौथा खंड निघाला. त्यात 'हिंदू धर्मातील कोडी' हा ग्रंथ होता, आणि त्याच्या परिशिष्टात राम व कृष्ण यांच्यासंबंधीचे प्रकरण होते. त्यावरून मोठे वादळ उठले. खंडाची प्रत जाळण्यात आली. परिशिष्ट काढून टाकावे म्हणून मोर्चे निघाले. शासनाचे पाऊल अडखळले. मग १९८८च्या फेब्रुवारीत मुंबईच्या रस्त्यांवर आपला समाज अफाट संख्येने उतरला आणि त्याने विचारले की, बाबासाहेबांच्या ग्रंथातील पान फाडण्याचा अधिकार कोणाला? अखेर, त्यातील मतांशी शासन सहमत आहे असे नाही, अशी टीप घालून मजकूर जसाच्या तसा राहिला. यातील मर्म ध्यानात घ्या. ज्याला ते मत पटत नाही त्याने खुशाल विरोधी ग्रंथ लिहावा. बुद्धाच्या धम्मात तर तर्काला सदैव मुभा आहे. परंतु मृत लेखकाचे शब्द खोडणे म्हणजे सातबाऱ्यावर खाडाखोड करणे होय. कागद राखणारा अधिकारी आणि रस्त्यावर उतरलेला समाज, दोघेही आपापल्या जागी असले म्हणजेच असा प्रसंग निभावतो. एकट्या अधिकाऱ्याने तो निभावत नाही आणि एकट्या मोर्चानेही नाही. कारण पेटीतून पान बाहेरच आले नसते, तर मोर्चाने राखावयाचे काय?

२००२ साली मून यांचे निधन झाले. त्यांच्यामागे हरी नरके यांनी हे काम चालविले आणि २००३ साली सतरावा खंड निघाला. पण मित्रहो, आपली जबाबदारी येथूनच सुरू होते. २०२१ सालच्या अखेरीस वृत्तपत्रात बातमी आली की, नऊ लाख प्रती छापण्याचे ठरले असता सुमारे ३३ हजारच छापल्या गेल्या आहेत आणि कोट्यवधी रुपयांचा कागद गोदामात पडून आहे. मुंबई उच्च न्यायालयाने त्या बातमीची आपण होऊन दखल घेतली. पाहा, कालचक्र कसे फिरते! पूर्वी लिहिलेले कागद पेटीत बंद होते. पुढे कोरे कागद गोदामात बंद झाले. कुलूप निराळे, परिणाम एकच. ग्रंथ आपल्या मुलापर्यंत पोहोचत नाही.

म्हणून आपणांपुढे तीन गोष्टी ठेवतो.

पहिली गोष्ट नवदीक्षित कुटुंबांसाठी. आपले स्वतःचे कागद नीट करा. १९५६ नंतर धर्मांतरित बौद्धांच्या सवलतींचा प्रश्न किती बिकट झाला होता, याची आठवण ठेवा. महाराष्ट्र राज्याने १९६० साली आपल्यापुरती सोय केली. परंतु केंद्राच्या सवलतींसाठी १९९० सालच्या कायद्याची वाट पाहावी लागली. मधली तीस वर्षे किती मुलांच्या शिष्यवृत्त्या व नोकऱ्या गेल्या असतील! तेव्हा शाळेत नाव घालताना, शिरगणतीच्या वेळी, जन्माची नोंद करताना काय लिहिले जात आहे ते वाचल्याशिवाय सही किंवा अंगठा देऊ नका. दाखल्यांच्या नकला काढून एकाऐवजी दोन ठिकाणी ठेवा.

दुसरी गोष्ट विहारांच्या चालकांसाठी. प्रत्येक विहारात बाबासाहेबांच्या खंडांचे कपाट असावे, आणि त्याची किल्ली कोणा एकाच्या कमरेला असू नये. जयंतीच्या मंडपावर जो खर्च होतो त्याचा लहानसा हिस्सा दरसाल बाजूला काढला, तर काही वर्षांत कपाट भरेल. दर रविवारी एक पान मोठ्याने वाचा. ज्या आजीला अक्षर येत नाही तिला पुढे बसवा. समजले नाही तर तिने विचारावे आणि नातवाने सांगावे. इंग्रजी खंड कठीण वाटत असेल तर शाळेत शिकणाऱ्या मुलीच्या हाती द्या. ती आज अडखळेल, पण पुढच्या वर्षी अडखळणार नाही.

तिसरी गोष्ट सरकारी व निमसरकारी नोकरीत असलेल्या तरुणांसाठी. आपल्यापैकी कोणी महानगरपालिकेत असेल, कोणी तहसील कचेरीत, कोणी रेल्वेत. नोकरीच्या नियमांविरुद्ध वागा असे मी म्हणत नाही. मून यांनी तरी कोणता नियम मोडला? नियमाच्या आत राहून, सरकारच्याच मोहरेनिशी त्यांनी बाबासाहेबांचे लेखन जगापुढे ठेवले. आपणही आपल्या खिडकीवर आलेल्या अडाणी माणसाचा अर्ज परत न फेकता त्यातील उणीव त्याला समजावून सांगू शकता. कोणता ठराव कधी निघाला, कोणत्या योजनेची मुदत कधी संपते, हे वस्तीत येऊन सांगू शकता. याला लाच लागत नाही, बढती लागत नाही. केवळ आपण कोठून आलो याची आठवण लागते.

खुर्ची निवृत्तीच्या दिवशी सोडावी लागते, आणि तिच्यावर दुसऱ्या दिवशी दुसरा बसतो. परंतु खुर्चीवर असताना जे राखले, ते समाजाचे होऊन राहते. महारपुऱ्यातील एका गरीब आईच्या मुलाने आपल्याला कपाटभर ग्रंथ राखून दिले आहेत. आता ते उघडावयाचे की त्यांवर धूळ बसू द्यावयाची, हे मानखुर्दच्या प्रत्येक घराने ठरवावयाचे आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!