हजेरी



जोतिबाची चैत्र यात्रा म्हणजे आमच्या गल्लीतल्या काही पोरांचा हंगाम. डोळ्यांत गुलाल, नजर सासनकाठीवर. पाकीट गेलेलं कळतही नाही. आमच्यासंगं गोट्या खेळलेले दोघे त्यात शिरले. एक कळंब्याच्या तुरुंगात आहे. दुसऱ्यानं धंदा सोडला, भाजीची हातगाडी घेतली. पण यात्रा आली की पोलीस आधी त्यालाच उचलतात. चार दिवस गाडी बंद, मग उधारी, मग जुने साथीदार दारात! शाहू महाराजांनी १९१८ साली महार, मांग, रामोशी, बेरडांची हजेरी बंद केली. फासेपारध्यांना तर पहाऱ्याचं काम दिलं. लोक ज्यांना चोर म्हणत, त्यांच्याच हाती राखण. आमच्या मित्राची हजेरी मात्र चालूच आहे. येत्या यात्रेत पोलीस आले तर आपल्यातले दहाजण त्याच्यासंगं ठाण्यात जाऊ, आणि गाडीवर कुणीतरी बसा.